टेंभी रस्त्याचे तीन किलोमीटर

३ नोव्हेंबर, पांढरकवडा

सुरभी मॅडमनं पुण्याहून फोनवर सांगितलं, "शाम, रोजचा लॉग लिहायचा हं." लॉग म्हणजे कुठी गेलो, किती गेलो, ॲपनं किती दाखवलं. तो मी तिच्यासाठी मोबाईलवर लिहितो. त्यात सगळं चांगलं असते. ही वही माह्यासाठी. हिच्यात जे झालं ते.

मी शाम आडे. नववीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरनंच नको म्हटलं. पुण्याले हॉटेलात होतो, हैदराबादले क्रेनवर, सुरतेले साड्यांच्या घड्या घालत. कुठीच दुसरी दिवाळी पाह्यली नाही. याडी, म्हणजे माही आई, म्हणते, तुले बसायले दिलेला पाट गरमच होत नाही. आता जिल्ह्याच्या ह्या टोकाले आलो. आमचा तांडा त्या टोकाले, महागावकडे. दोन एसट्या बदला, मंग घर.

पण ह्यावेळेस काम कपबश्या धुवायचं नाही. पुण्याच्या एका कंपनीनं टॅक्सीसाठी 'अचूक मीटर' नावाचं ॲप काढलं. गाडीत फोन ठेवायचा, तो सॅटेलाइटवरून किलोमीटर मोजते. मी त्याचा 'फिल्ड टेस्टर'. इथले पार्टनर किसनराव, चाळीस एकर कापूसवाले अन् टॅक्सी स्टँडचे अध्यक्ष. जीप त्यायची, पेट्रोल कंपनीचं, हुशारी माही.

राहतो देवीलाल काकाकडे. याडीच्या माहेरकडून नातं लागते. ह्या स्टँडवर सव्वीस वर्षांपासून टॅक्सी चालवते. काकू मोतीबाई. दोन खोल्या आहेत, समोरची मले दिली. टेस्टर माणूस म्हणून दिली असन.

५ नोव्हेंबर

आज फोनची चोरी पकडली.

स्टँडवर तुळसाबाईच्या चहाच्या टपरीत टेबलावर फोन ठेवला, ॲप चालू. पाऊण तास मी जागचा हललो नाही. मीटर पाह्यलं तं एक पॉइंट चार किलोमीटर!

तुळसाबाई म्हणे, "माह्या टेबलावरून कुठी जाऊन आला हा? उधारीवाल्याच्या घरी गेला असन तं सांग."

मॅडमनं समजावलं. वर टीनाचं छत, सॅटेलाइटचा सिग्नल तिथं आपटते, मंग फोनले वाटते आपण चार पावलं इकडं गेलो, चार तिकडं. पावलं जमून किलोमीटर होते. जंगलात याच्या उलटं. सागाखाली त्याले आभाळ दिसत नाही. दोन वळणं झोपते, तिसऱ्या वळणावर जागं होते अन् मधात सरळ रेघ मारते, जशी जीप झाडावरून उडून आली. म्हणून स्टँडपासून टेंभी गावचा रस्ता कधी पंचवीस दाखवते, कधी एकवीस.

काकाले सांगितलं. काका भाकर मोडत म्हणे, "म्हंजे बसल्या जागी फिरते अन् कामाच्या टायमाले झोपते. छोरा, हा फोन तुह्यावर गेला."

काकू एवढी हसली की ठसका लागला.

१० नोव्हेंबर

मॅडमनं दोन इलाज काढले. एक, गाडी उभी असन तं ॲपनं गुमान बसायचं. दोन, जंगलात झोपलं तं रेघ मारायची नाही, रस्त्याची खरी लांबी भरायची. आता खरी लांबी कोण सांगन? मी. आठ रस्ते, एकएक रस्ता दहा वेळा, जीपच्या मीटरवर पाहून लिहायचा.

टेंभी चार वेळा केला. वीस पॉइंट तीन, वीस पॉइंट तीन, वीस पॉइंट चार, वीस पॉइंट तीन. मी म्हटलं चारदा तेच येते तं दहादा कायले? उरलेले सहा तुळसाबाईच्या टेबलावर बसून लिहिले. एकदा पॉइंट दोन, एकदा पॉइंट चार असं केलं, नाहीतं खोटं वाटते. बाकीचे रस्ते एकदा-दोनदा. करंजी रस्त्यावर अर्ध्यातून वापस आलो अन् दुप्पट केलं. एवढी अक्कल नववीपर्यंत येतेच.

जेवताना काकानं विचारलं, "टेंभी किती भरलं?"

"वीस पॉइंट तीन."

काकाचा घास हातातच राह्यला. "तेवीस हाय."

"काका, जीपचं मीटर हाय ते."

"सव्वीस वर्षं तेवीस होतं. धुतल्यानं आटला काय रस्ता?"

जुन्या लोकाईचं असंच असते. एक आकडा पाठ झाला की झाला.

१५ नोव्हेंबर

ॲपची नवीन आवृत्ती आली. टेंभीले सहादा नेलं. सहाही वेळा वीस पॉइंट तीन. जीपचं मीटरही वीस पॉइंट तीन. टपरीवर तासभर ठेवलं, एक पाऊल हललं नाही.

मॅडम एवढी खूश! "शाम, नव्याण्णव टक्के अचूकता! तुझा डेटा किती स्वच्छ आहे, माहितीये? इंजिनिअर मुलंसुद्धा इतकं नीट लिहीत नाहीत."

स्वच्छ राहीनच. टेबल पुसूनच बसलो होतो.

१७ नोव्हेंबर

स्टँडवर मोठा कार्यक्रम झाला. मांडव, भोंगा, खुर्च्या. किसनरावाले शाल, श्रीफळ. ते माइकवर बोलले, "आजपासून सॅटेलाइट बोलन, डायवर चूप राहीन!" टाळ्या. ज्यायले चूप राहायचं होतं त्यायनंच जास्त वाजवल्या.

नियम असा झाला. सगळ्या टॅक्सीत ॲप लागन, ते म्हणन तेवढेच किलोमीटर. ज्या डायवरच्या तीन तक्रारी येतीन त्याचं नाव स्टँडच्या बोर्डावरून कटन. बोर्डावर नाव नाही म्हणजे स्टँडवर गाडी लावता येत नाही. एक नंबरवर काकाचं नाव आहे. दोन नंबरवर अक्षय, किसनरावाचा पुतण्या. त्याची मिशी पुरी फुटायची आहे, गाडी फुटून झाली.

मलेही एक नारळ भेटला. काकाचे हात खिशातच होते. थंडी असन.

२१ नोव्हेंबर

काकाची पहिली तक्रार. टेंभीच्या शाळेवरची मास्तरीण गाडीत बसली. उतरताना ॲप वीस पॉइंट तीन म्हणते, काका तेवीस म्हणते.

ती म्हणे, "काका, फोन खोटं बोलते का?"

काका म्हणे, "बाई, फोन कवा टेंभीले गेला? मीच रोज नेतो त्याले."

झालं. 'चालक अंतर वाढवून सांगतो.' तक्रार एक.

बाकीचे डायवर भांडत नाहीत. त्यायलेही कमी पडून राह्यलं म्हणतात, पण त्यायनं उपाय काढला. अक्षय पॅसेंजर बसवते, मीटर चालू करते अन् आधी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीले चक्कर मारते, मंग बस डेपोच्या मांगून, मंग टेंभी. "रस्ता बंद हाय ताई" म्हणते. त्याले पाच तारे भेटतात. काका सरळ रस्त्यानं नेते अन् तोंडानं भांडते, त्याले एक तारा.

मी काकाले म्हटलं, तुम्हीही मारा एखादी चक्कर. काकूनं माह्याकडं पाह्यलं फक्त.

२४ नोव्हेंबर

दुसरी तक्रार. तोच रस्ता, तेच भांडण.

भाजीत मीठ जास्त. काकू वाढताना बोलत नाही. दाढ दुखत असन.

२६ नोव्हेंबर

हे लिहू की नको असं दहादा झालं. पण ही वही कोण वाचते?

जीप पंक्चर झाली. हायवेवर फकिरा पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं चाक काढलं, उभं केलं अन् हसत बसला. "हे कंपनीचे टायर नाहीत ना भाऊ. किसनरावानं मागच्या साली मोठे बसवले. काळ्या मातीत कापसाचे गाठोडे भरून जीप फसे, म्हणून."

"मंग?"

"मंग काय. शेतातून मस्त निघते. मीटर तेवढं कमी दाखवते."

मी म्हटलं, "काहून?"

"मीटर चाकाचे फेरे मोजते. चाक मोठं झालं तं एका फेऱ्यात जास्त रस्ता खाते. मीटरले काय मालूम चाक वाढलं? ते जुनाच हिशोब लावते."

"किती फरक पडते?"

"शंभराच्या मांगं बारा-तेरा."

मी तिथंच टायरच्या ढिगावर बसून मोबाईलवर गणित केलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेवीस आलं. नववी पास झालो असतो तं एखादवेळेस तरी चुकवता आलं असतं.

म्हणजे आधी ॲप कधी एकवीस सांगे, कधी पंचवीस, निदान अंदाजानं रस्त्याच्या आसपास फिरे. मी त्याले जीपकडून वीस शिकवलं. आता ते दर वेळेस वीसच सांगते. मॅडमनं मोजलं ॲप अन् जीप जुळते का. जुळले. दोघंही चूक होते, पण जुळले. नव्याण्णव टक्के.

२७ नोव्हेंबर

मॅडमले सांगायचं म्हणून फोन काढला, तं तिचाच मेसेज. जानेवारीपासून पुण्याले ये, ऑफिसात. 'फिल्ड लीड'. ७ तारखेच्या रविवारी मोठ्या लोकाईले ॲप दाखवणार आहे, त्यात माहा डेटा माह्या नावानं दाखवणार. शाम आडे, पडद्यावर.

एकदा नोकरीचं पत्र हातात आलं की सांगतो. तवा सांगितलं काय, आता सांगितलं काय, रस्ता तेवढाच राहणार.

३० नोव्हेंबर

आज सांगणार होतो. पण रविवार आहे, मॅडमले सुटी असते.

२ डिसेंबर

मंगळवार. मॅडम मीटिंगमध्ये असन.

३ डिसेंबर

तिसरी तक्रार.

किसनरावानं काकाले सगळ्यांसमोर बलावलं. "देवीलाल, तुह्या वयाचा मान ठेवतो म्हणून रविवारपर्यंत टाइम देतो. मंग बोर्डावरून नाव काढतो. आता तुह्यानं होत नाही."

काका म्हणे, "मी रस्ता मोजून दाखवतो. मंग काढा."

"कायनं मोजतं? तुह्या गाडीचं मीटर तं सात वर्षांपासून मेलेलं हाय."

"सायकलनं."

स्टँडवर असा हशा झाला की कुत्री उठून गेली. अक्षय म्हणे, "काका, मांगं कॅरियरवर सॅटेलाइटले बसवाल काय?"

काकाची बाजू मात्र खरी आहे. स्टँडवर अकरा गाड्या. पाचाचं मीटर मेलेलं, तिघांचं जुन्या मालकानं विकायच्या आधी वापस फिरवताना बिघडवलेलं, बाकीच्यायच्या टायरचं काही सांगता येत नाही. एक सायकलच अशी जिच्यात खोटं बोलायले मीटरच नाही.

किसनरावानं मले म्हटलं, "शाम्या, तू जीप घेऊन मांगं मांगं जाय. बुढा मधात चोरी करन. ध्यान ठेव."

चोरीवर ध्यान ठेवायले माणूस बराबर निवडला.

७ डिसेंबर

सकाळी सहाले निघालो. काका पुढं सायकल ढकलत, मी मांगं जीपमध्ये, पहिल्या गिअरवर.

काकानं कालच शिंप्याच्या टेपनं चाकाचा घेर घेतला होता. दोनशे वीस सेंटीमीटर. चाकाच्या एका काडीले लाल चिंधी बांधली. चिंधी खाली आली की एक. शंभर झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. बसून चालवली तं उतारावर मोजणं चुकन म्हणून पायीच. छप्पन वर्षांचा माणूस.

रस्त्यानं लोक थांबून पाहत. एक कापूस वेचणारी बाई ओरडली, "काय झालं हो भाऊ?" काकानं हात वर केला, बोलला नाही. बोलला असता तं आकडा गेला असता.

सागाच्या वळणावर, चौदाएक किलोमीटर झाले असतीन, काका खाली बसला. चप्पल काढली. टाचेले फोड, फुटलेला. मी उतरलो. म्हटलं, "काका, जीपमध्ये बसा. पुढच्या वळणापर्यंत नेतो. मी कोणाले सांगत नाही."

काकानं चिंधीवर बोट ठेवलं, आकडा जाऊ नये म्हणून. मंग म्हणे, "त्या वळणापर्यंतचं कोण मोजन?"

कोण मोजन ते मले मालूम होतं. तुळसाबाईच्या टेबलावर बसून मोजलं असतं कोणीतरी.

काका उठला. मी मांगं. पुढं नऊ किलोमीटर मी नुसती ती चिंधी पाहत होतो. खाली, वर, खाली, वर. एसीचं बटन दाबलं, बंद केलं. गाणं लावलं, बंद केलं.

एक वाजता टेंभी. सायकल जीपवर टाकून तीनले स्टँडवर आलो. काकानं खिसा टेबलावर उलटा केला. तुळसाबाईनं मोजले, मंग परत मोजले. एकशे पाच चिंचोके. वर पंचेचाळीस फेरे. तेवीस किलोमीटर दोनशे मीटर.

किसनराव हसले. "आता चिंचोक्यावर भरोसा ठेवू का सॅटेलाइटवर? सांग शाम्या. तू इंजिनेर हायेस आमचा."

सगळे माह्याकडं पाहत होते. काका नाही. काका चिंचोके गोळा करत होता.

मी म्हटलं, "टायर मोठे हायेत."

"काय?"

"जीपचे टायर. शेतासाठी मोठे बसवले तुम्ही. मीटर कमी दाखवते. मी त्याच्यावरून लिहिलं, ॲप त्याच्यावरून शिकलं. काका बराबर हाय."

अक्षयचं तोंड उघडं राह्यलं. किसनरावाचं बंद झालं. मंग ते हळूच म्हणे, "हे तुले आज समजलं?"

हो म्हटलं असतं तं खपलं असतं. हो म्हणायले तोंड उघडलंही होतं.

"नाही. अकरा दिवस झाले."

अन् तोंड उघडलंच होतं तं बाकीचंही बाहेर आलं. दहादा नाही, चारदाच गेलो. बाकी रस्ते एकदा-दोनदा. करंजीवाला अर्धा. सगळं. तुळसाबाई म्हणे, "अन् माह्या टेबलावर लिहिलं ते? माहं नाव नको घेऊ बापा कुठी."

काकाचं नाव बोर्डावर राह्यलं. किसनरावानं जीपची चाबी मागितली, दिली. ह्यावेळेस नारळ नाही.

८ डिसेंबर

मॅडमले फोन केला. तिले सगळं सांगितलं. मंग म्हणाली, "शाम, मी काल ते सगळं दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, टेंभी तेवीस पॉइंट दोन आहे. तिनं दहा मिनिटांत बदललं. दहा मिनिटं! अकरा दिवस मी ज्याले भेत होतो ते दहा मिनिटांचं काम होतं. मंग म्हणाली, बाकीच्या सात रस्त्यांना टायरचा फरक जोडून टाकते. मी म्हटलं जोडू नका, त्यायचे आकडे नुसते टायरनं नाही चुकले, माह्यानंही चुकले. कशाले काय जोडता?

पुणे रद्द. महिना संपला की इथलंही काम संपलं. "ठीक आहे, शाम," म्हणाली. दर वेळेस बोलण्यात एक 'हं' असायचा. आज नव्हता.

संध्याकाळी पिशवी भरली. हायवेवर ढाब्यापाशी हैदराबादचे ट्रक उभे असतात, कोणीही घेते. काका दारातच घमेल्यात पाय टाकून बसला होता, मिठाच्या गरम पाण्यात.

"कुठी?"

"हैदराबाद."

"अन् ते सात रस्ते?"

"मॅडम पाहीन."

"मॅडम पुण्यात हाय. सात रस्त्यावर दहा डायवर हायेत. त्यायचं रोज कटून राह्यलं. कोण चकरा मारून पॅसेंजरले फसवते, कोण फसत बसते. तू ढाब्यावर जाय."

मी म्हटलं, "आता कोण मानन माहं, काका? मी दिलेला आकडा कोण घेईन?"

"तेच तं," काका म्हणे. अन् ओल्या पायानं सायकलले धक्का दिला. सायकल भिंतीवरून माह्या अंगावर आली. धरावी लागली.

काकूनं ताट आणून आपटलं. "अकरा दिवस गुमान गिळलं ना? आजही गिळ."

दाढ बरी झालेली दिसते.

११ डिसेंबर

दोन रस्ते झाले. पायाले चार फोड. मॅडमले आकडे पाठवले, सोबत टेबलावरच्या चिंचोक्यांचा फोटो. तिचं उत्तर, "हे काय आहे?" मी लिहिलं, "डेटा." बऱ्याच वेळानं तिनं पहिल्या रस्त्याचा आकडा बदलला.

अक्षय जीपमधून गेला, मुद्दाम हळू केली. "काय इंजिनेर, पेट्रोल महाग झालं काय?" मी हात वर केला. बोललो असतो तं आकडा गेला असता.

१३ डिसेंबर

करंजी रस्ता. हाच तो अर्ध्यातून वापस आलेला.

चाळीस चिंचोके उजव्या खिशात गेले होते, म्हणजे जवळपास नऊ किलोमीटर. मागच्या वेळेस जिथून जीप वळवली होती ते बाभळीचं झाड मांगं टाकलं. तेवढ्यात एका मेंढपाळानं विचारलं, "काय बे, हवा नाही काय चाकात?"

मी म्हटलं, "हाय ना."

अन् गेलं. शंभर झाले होते का, चिंचोका टाकला होता का टाकायचा होता, काहीच ध्यानात येईना. उजवा खिसा मोजून पाह्यला. चाळीसच, पण चाळिसावा मघाचा का आत्ताचा, हे खिसा काय सांगन.

एका चिंचोक्याचा फरक. दोनशे वीस मीटर. मेंढपाळ गेला होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. जीपही नव्हती मांगं. झाडाखाली बसून पाणी पेलो. एकेचाळीस म्हटलं तं कोणाच्या बापाले समजणार नव्हतं.

सायकल वळवली. वापस जाताना मोजायचं नव्हतं म्हणून बसून गेलो. जिथून मोजणं सुरू केलं होतं त्या पुलापाशी उतरलो. उजव्या खिशातले सगळे चिंचोके काढून डावीकडे टाकले. चिंधी खाली आणली.

एक.